संकर की कलम? मिश्रप्राणी पात्रांच्या वर्गीकरणाची एक पद्धत

काल्पनिक मिश्रप्राणी हे आपले मूळ पात्र म्हणून, म्हणजे तरुण चित्रकार आणि लेखक ज्याला 'ओसी' म्हणतात त्या रूपात, घडवायला घेतले की बहुतेक जण अवयवांपासून सुरुवात करतात. डोके घुबडाचे, धड हरणाचे, शेपटी सापाची अशी यादी तयार होते, तिच्यावरून चित्रही काढले जाते, आणि मग पात्राच्या माहितीपत्रकावर 'प्रजाती' या शब्दापुढे काय लिहावे इथे हात थांबतो. काही जण 'अर्धे हे, अर्धे ते' असे लिहून पुढे जातात. परंतु त्या पात्राची पहिली गोष्ट लिहायला बसले की टाळलेले प्रश्न एकेक करून समोर येतात. याचे आईवडील कोण होते? याच्यासारखे आणखी कोणी आहे का? हे रात्री जागते की दिवसा? याला पिले झाली तर ती कशी दिसतील? अवयवांच्या यादीत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते.

म्हणून मी वर्गीकरणाचा क्रम उलटा ठेवतो. मिश्रण कसे घडले हे आधी ठरवावे, काय काय मिसळले हे त्यानंतर. उगम ठरला की शरीराचे सांधे कुठे असतील ते ठरते, शरीरावरून वागणूक ठरते, आणि नाव सर्वांत शेवटी येते. हे समजावून सांगण्यासाठी मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. भीमाशंकरच्या जंगलात राहणारी, धड आणि झुपकेदार शेपटी शेकरूची, तर तोंड आणि पंख पिंगळा या छोट्या घुबडाचे, अशी एक मादी कल्पावी. तिचे नाव उमरी.

मिश्रण घडले कसे

हा फरक कोकणातल्या आंबाबागायतदाराला वेगळा शिकवावा लागत नाही. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली की कलम तयार होते. झाड एकच दिसते, परंतु सांध्याच्या खाली ते रायवळ असते आणि वर हापूस. सांध्याखालून फुटवा आला आणि तो वाढू दिला, तर त्याला रायवळाचीच फळे धरतात. याउलट वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 1981 मध्ये आलेली 'रत्ना' ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झाली आहे. रत्नाच्या झाडावर बोट ठेवून 'इथपर्यंत नीलम आणि इथून पुढे हापूस' असे कोणालाही दाखवता येणार नाही, कारण तिच्या प्रत्येक पेशीत दोघांचा वाटा आहे. पुढे 1992 मध्ये याच रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून 'सिंधू' आली. म्हणजे संकराचाही संकर होतो आणि त्यात एका बाजूचा वाटा वाढत जातो.

मिश्रप्राण्यांचे पहिले दोन वर्ग हेच आहेत: कलम आणि संकर. कलमात दोन तयार शरीरे, किंवा शरीर होण्यापूर्वीचे दोन गर्भ, एकत्र आलेले असतात आणि प्रत्येक भाग आपापल्या मुळाशी इमान राखून असतो. संकरात आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा असतो, आणि अपत्य अथपासून इतिपर्यंत मिश्र असते. हा भेद केवळ कल्पनेतला नाही. 1984 मध्ये केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी मेंढी आणि शेळी यांचे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतले गर्भ एकत्र करून जो प्राणी जन्माला घातला, त्याच्या अंगावर काही भागांत मेंढीची लोकर होती आणि काही भागांत शेळीचे केस. संकर असता तर सगळ्या अंगावर दोहोंच्या मधले काहीतरी दिसले असते. पिलांच्या बाबतीत तर हा फरक अधिकच ठळक होतो. अशा कलमी प्राण्याची बीजपेशी एक तर मेंढीची असते किंवा शेळीची, मधली नसते. म्हणून त्याच्याकडून पुढच्या पिढीला मिळणारा वारसा निखळ मेंढीचा किंवा निखळ शेळीचा असतो. कथेसाठी ही केवढी मोठी सामग्री आहे! गरुडाचे डोके आणि बिबट्याचे धड असलेल्या नायकाची सगळी पिले साधे बिबटे निघतात, आणि आपला बाप असा का दिसतो हे त्यांतल्या कोणालाच उमगत नाही.

तिसरा वर्ग स्वतंत्र जातीचा. ग्रीक परंपरेतला ग्रिफिन हा गरुडाचे डोके व पंख आणि सिंहाचे धड असलेला प्राणी, म्हणून त्याला सर्रास संकर म्हटले जाते. परंतु कोणे एके काळी एखाद्या सिंहाची आणि गरुडाची जोडी जमली, असे त्याच्या परंपरेत कोणी मानलेले नाही. ग्रिफिनचे आईबाप ग्रिफिनच असतात. तो दोन प्राण्यांसारखा दिसतो, दोन प्राण्यांपासून झालेला नाही. खरा संकर पाहायचा तर हिप्पोग्रिफ पाहावा. ग्रिफिन आणि घोडा यांचा समागम हे अशक्यतेचे उदाहरण म्हणून रोमन कवी व्हर्जिलने वापरले होते. इटालियन कवी लुदोव्हिको आरिओस्तो याने 1516 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाकाव्यात तीच अशक्य गोष्ट घडवून आणली. त्याचा हिप्पोग्रिफ घोडीच्या पोटी ग्रिफिनपासून जन्मला आहे. पिसे, पंख, पुढचे पाय, डोके आणि चोच बापाची आणि उरलेले सगळे अंग आईचे, असे कवीने स्पष्टपणे नोंदवले आहे. पात्र घडवणाऱ्याने शिकावे असे हे माहितीपत्रक आहे: आई कोण, बाप कोण, कोणाकडून काय आले, सगळे दोन-चार ओळींत.

चौथा वर्ग रूपाचा. इथे मिश्रण शरीराचे नसून कोणीतरी धारण केलेल्या किंवा कोणावर तरी लादल्या गेलेल्या वेशाचे असते. पंधराव्या शतकात सारळा दास यांनी ओडिया भाषेत रचलेल्या महाभारतात नवगुंजराची कथा आहे, आणि या वर्गासाठी याहून उत्तम उदाहरण मला सापडलेले नाही. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी आणि निरनिराळ्या प्राण्यांचे पाय, असा नऊ अंगांचा अजब प्राणी अर्जुनासमोर येतो. अर्जुन धनुष्य उचलतो. तेवढ्यात त्याचे लक्ष जाते की एका पायाच्या जागी माणसाचा हात आहे. असा प्राणी सृष्टीत असू शकत नाही, हे कृष्णाचेच रूप आहे, हे ओळखून तो शस्त्र खाली ठेवतो. अर्जुनाने त्या क्षणी वर्गीकरणच केले. नऊ अवयव मोजून त्याला उत्तर मिळाले नाही. हे मिश्रण कोणत्या मार्गाने घडले असेल याचा विचार केल्यावर मिळाले. रूप या वर्गात पात्र टाकत असाल, तर आणखी तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात: रूप स्वेच्छेने घेतले की शापाने मिळाले, आत मूळचे मन शाबूत आहे की नाही, आणि परत जाण्याची वाट आहे की नाही.

या चार वर्गांत न बसणारा एकुलता एक प्राणीही असू शकतो आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ग्रीकांची खिमेरा: पुढून सिंह, मध्ये बकरी, मागे साप. तिचे आईबाप म्हणून ग्रीक कवी टायफॉन आणि एखिड्ना यांची नावे देतात. त्यांच्यापैकी कोणीही सिंह नाही की बकरी नाही. म्हणजे ती संकर नव्हे. तिला कोणी जोडलेले नाही, म्हणून ती कलम नव्हे, आणि तिची दुसरी जोडी नाही म्हणून ती जातही नव्हे. गंमत अशी की आधुनिक जीवशास्त्राने कलमी प्राण्यांना तिचेच नाव दिले, त्यामुळे इंग्रजी साधने वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. मराठीत लिहिताना 'कलम' हा शब्द वापरावा असे माझे मत आहे; तो नेमका आहे आणि शेतकऱ्यापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना कळतो.

आता उमरीकडे येऊ. तिला मी प्रथम स्वतंत्र जातीत टाकले होते. भीमाशंकरच्या रानात अशा प्राण्यांची शंभरेक कुटुंबे आहेत, त्यांची स्वतःची झाडे आहेत, बोली आहे, असे लिहून काढले. पात्र छान दिसत होते, पण त्याला सांगण्यासारखे काही नव्हते. ते आपल्या घरी सुखात होते. मग चित्रातली एक रेघही न बदलता मी फक्त वर्ग बदलला. आई शेकरू, बाप पिंगळा. शेकरू दिवसा वावरणारा प्राणी आहे आणि पिंगळा मुख्यतः संध्याकाळी व रात्री. स्वतंत्र जातीच्या उमरीने पिढ्यान्‌पिढ्या पहाट आणि तिन्हीसांजेची वेळ आपली करून घेतली असती. संकर असलेल्या उमरीला मात्र दोन्ही वेळी जाग येते आणि कोणत्याच वेळी पुरती झोप लागत नाही. शेकरू झाडांच्या शेंड्याकडे बारीक फांद्यांवर एकाहून अधिक घरटी बांधते, पिंगळा झाडाच्या ढोलीत राहतो. उमरी घरटी बांधते आणि ती रिकामी ठेवून ढोलीत जाऊन बसते. तिची गोष्ट इथून सुरू झाली. चित्र तेच होते, म्हणूनच उगम आधी ठरवावा असे मी आग्रहाने सांगतो.

सांधे, पाय आणि डोके

उगम ठरल्यावर शरीराकडे वळावे. कलमाचा सांधा दिसला पाहिजे. तिथे वण असेल, लोकर अचानक संपून खवले सुरू होत असतील, दोन बाजूंचे तापमान वेगळे असेल, कदाचित एक बाजू दुसऱ्या बाजूच्या आधी म्हातारी होत असेल. संकराला सांधा नसतो, त्याला छटा असतात: पिसांच्या मुळाशी केसांसारखी लव, चोच आहे पण ती मऊ, कान आहेत पण पिसांत दडलेले. संकराचे चित्र काढताना सिंहाचे चित्र कापून गरुडाच्या चित्राला डकवल्यासारखे दिसत असेल, तर एक तर चित्र बदलावे किंवा वर्ग. आरिओस्तोचा हिप्पोग्रिफ हा नियम पाळत नाही हे खरे, कारण त्याच्या बापाच्या अंगातच आधीपासून सांधा होता. अशा वेळी अपत्याच्या अंगावर सांधा का आहे याचे कारण आपल्याजवळ आहे एवढे पुरते.

स्वतंत्र जातीला सांधाही नसतो आणि छटेची ओढाताणही नसते. तिचा प्रत्येक अवयव तिच्या जगण्याला उपयोगी पडत आलेला असतो. ग्रिफिनच्या पुढच्या पायांना गरुडाची नखे का आहेत, याचे उत्तर 'कारण तो अर्धा गरुड आहे' असे न देता 'कारण तो कड्यावर उतरतो आणि त्याला खडकाची धार पकडावी लागते' असे द्यावे.

यानंतर पाय मोजावेत. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु जाणकार वाचकाची नजर सर्वांत आधी इथेच जाते. पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही खऱ्या प्राण्याला चारांहून अधिक अवयव-शाखा नसतात. पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे पंख हे त्यांचे पुढचे पायच आहेत. पंख असलेला घोडा, चार पाय आणि दोन हात असलेला अश्वमानव, हे सगळे सहा शाखांचे प्राणी होतात. तसे करायला हरकत नाही, पण ते जाणून करावे, आणि एका जगातल्या सर्व प्राण्यांना तोच नियम लावावा. इंग्लंडच्या कुलचिन्हशास्त्रात, म्हणजे घराण्यांच्या ढालींवरील चिन्हांच्या शास्त्रात, तर केवळ पायांच्या संख्येवरून दोन वर्ग झाले आहेत: चार पाय आणि शिवाय पंख असतील तर ड्रॅगन, दोनच पाय आणि पंख असतील तर वायव्हर्न. आपल्याकडच्या शरभ या काल्पनिक प्राण्याला संस्कृत वाङ्‌मयात आठ पाय सांगितले आहेत, आणि महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर जो शरभ कोरलेला दिसतो तो मात्र बहुधा चार पायांचा, सिंहासारखाच असतो. एकाच नावाखाली दोन शरीरे नांदू शकतात, फक्त आपल्या कथेतला शरभ कोणता हे आपल्याला माहीत असावे. उमरीच्या बाबतीत मी पुढच्या पायांचेच पंख केले. त्यामुळे तिला फळ हातात धरून खाता येत नाही, जे प्रत्येक शेकरू सहज करते. तिची आई तिला भरवते ते दृश्य त्यातूनच आले.

डोक्याला वेगळे महत्त्व द्यावे. भारतीय शिल्पशास्त्राने मिश्रप्राण्यांचे वर्गीकरण करून ठेवले आहे आणि ते अत्यंत सुटसुटीत आहे. मंदिराच्या भिंतींवर, खांबांवर आढळणाऱ्या व्यालाचे धड सामान्यतः सिंहाचे असते. प्रकार ठरतो तो मस्तकावरून. हत्तीचे मस्तक असेल तर गजव्याल, घोड्याचे असेल तर अश्वव्याल, पोपटाचे असेल तर शुकव्याल, माणसाचे असेल तर नरव्याल. 'अपराजितपृच्छा' या ग्रंथात असे सोळा प्रकार दिलेले आहेत. धड एकच ठेवून मस्तके बदलत जाण्याची ही रीत ज्यांना एका कथेसाठी प्राण्यांचे अख्खे कुटुंब घडवायचे आहे त्यांनी अवश्य वापरावी. वाचकाला एकदा धड ओळखीचे झाले की नवे मस्तक दिसताच तो त्याला योग्य जागी बसवतो, आणि आपल्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून वर्णन करावे लागत नाही.

माणूसपण किती

पात्र म्हटले की ते बोलणार, विचार करणार, म्हणून त्यात माणसाचा अंश किती हे ठरवावेच लागते. मी हे तीन वेगळ्या प्रश्नांत मोडतो, कारण एकाच मोजपट्टीवर ते बसत नाहीत. शरीर किती मानवी आहे: ते दोन पायांवर चालते का, त्याला अंगठा आहे का? मन किती मानवी आहे: त्याला उद्याची काळजी वाटते का, लाज वाटते का? आणि समाजात त्याला माणूस मानले जाते का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि बऱ्याचदा गोष्ट असते ती तिथेच. पूर्ण प्राण्याचे शरीर आणि पूर्ण माणसाचे मन असलेले पात्र, आणि माणसाचे शरीर पण केवळ कान व शेपटी प्राण्याची असलेले पात्र, यांना एकाच रकान्यात 'अर्धमानव' म्हणून बसवणे योग्य नाही.

आपल्या भाषेत या प्रश्नाचे नावच आहे. पुराणांतल्या किन्नर या मिश्र जीवाच्या नावाची पारंपरिक फोड 'किं नरः', म्हणजे 'हा नर आहे काय?' अशी केली जाते. काही ठिकाणी घोड्याचे तोंड व माणसाचे शरीर, तर काही ठिकाणी माणसाचे तोंड व पक्ष्याचे शरीर, अशा दोन्ही प्रकारांनी किन्नर दाखवले जातात. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्राच्या परिसरात ते पाहायला मिळतात. शरीरे वेगळी असूनही नाव एकच राहिले, कारण नाव शरीरावरून दिलेले नाही, पाहणाऱ्याच्या मनात उठलेल्या प्रश्नावरून दिलेले आहे.

नरसिंहाच्या कथेत तर हा प्रश्नच कथानक झाला आहे. हिरण्यकशिपूला मिळालेला वर हा मुळात वर्गीकरणाचा तक्ता आहे: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. त्या तक्त्यातल्या रेषेवर, म्हणजे उंबरठ्यावर आणि तिन्हीसांजेला, जो उभा राहू शकेल असाच देह तिथे हवा होता. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातील नरसिंहाचे शिल्प पाहताना मला दर वेळी वाटते की मिश्र शरीर इतक्या अपरिहार्यपणे कथेत आलेले दुसरे उदाहरण नसेल. नरसिंह हे कोट्यवधी लोकांचे उपास्य दैवत आहे आणि त्याला आपल्या पात्राचा साचा म्हणून उचलू नये असे मी मानतो. परंतु त्या कथेची रचना मात्र शिकण्यासारखी आहे. आपल्या पात्राच्या जगात कोणती रेषा लोक पाळतात आणि हे पात्र नेमके कोणत्या रेषेवर उभे आहे, हे एका वाक्यात लिहून पाहावे. उमरी झोप आणि जाग यांच्या रेषेवर उभी आहे. महाराष्ट्रात पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या माणसालाही पिंगळाच म्हणतात, आणि त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत आहे. म्हणून माझ्या कथेत उमरीशी बोलू शकणारा एकमेव माणूस तोच आहे.

वंश, नाव आणि उरलेले रकाने

पुढच्या पिढीविषयी थोडक्यात. संकर निवडला असेल तर तो प्रजननक्षम आहे का, हे ठरवावे. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62, आणि खेचराची 63. विषम संख्येमुळे त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि खेचर जवळजवळ नेहमीच वांझ असते. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 मध्ये एक नियम मांडला: संकरित अपत्यांमध्ये एकाच लिंगाची अपत्ये वांझ किंवा दुर्मिळ असतील, तर ज्या लिंगात दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे असतात तेच ते असते. सस्तन प्राण्यांत ते नर असतात, पक्ष्यांत माद्या. उमरी अर्धी सस्तन आणि अर्धी पक्षी असल्यामुळे तिच्या बाबतीत नियम कोणत्या बाजूने लावायचा हे लेखकाच्या हाती राहते, आणि अशी मोकळीक मिळाली की ती जपून वापरावी.

नावाच्या बाबतीत मराठी आपल्याला आयती मदत करते. आपल्या तत्पुरुष समासात मुख्य शब्द शेवटी येतो: गजव्याल हा व्याल आहे, गज नव्हे. म्हणून ज्याचे धड आहे, किंवा पात्र मुख्यत्वे ज्या जातीत गणले जाते, तो शब्द शेवटी ठेवावा. इंग्रजीत सिंह व वाघीण यांच्या पिलाला लायगर आणि वाघ व सिंहीण यांच्या पिलाला टायगॉन म्हणतात; म्हणजे बापाचे नाव आधी. या दोन पद्धतींपैकी एक निवडावी आणि तिच्याशी प्रामाणिक राहावे. उमरीच्या बाबतीत योगायोगाने दोन्ही एकाच ठिकाणी येतात: बाप पिंगळा, धड शेकरूचे, म्हणून 'पिंगळशेकरू'. परंतु जातीचे नाव आणि हाक मारायचे नाव वेगळे ठेवावे. तिला कोणी पिंगळशेकरू म्हणून हाक मारत नाही. ज्या उंबराच्या ढोलीत ती सापडली त्यावरून ती उमरी झाली. स्वतंत्र जात असेल तर मात्र दोन प्राण्यांची नावे जोडूच नयेत. ज्या समाजात ते प्राणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत तो समाज त्यांना जोडनावाने ओळखणार नाही, जसे आपण वटवाघळाला उंदीरपाखरू म्हणत नाही.

इतके सगळे केल्यावरही एखादे पात्र कुठेच बसत नसेल, तर त्याच्यासाठी मोकळी जागा ठेवावी. कार्ल लिनिअसने 1735 मध्ये सृष्टीच्या वर्गीकरणाचा आपला पहिला आराखडा छापला, तेव्हा त्यात 'पॅराडॉक्सा' नावाचा एक स्वतंत्र भाग होता आणि एकशिंगी घोडा, फिनिक्स, अनेक तोंडांचा हायड्रा असे प्राणी त्याने तिथे ठेवले होते. हायड्राची एक सुरक्षित ठेवलेली 'देहाकृती' त्याच वर्षी हॅम्बर्गमध्ये त्याने स्वतः तपासली आणि ती विझल जातीच्या प्राण्यांचे जबडे, पंजे आणि सापाची कातडी यांनी जोडून बनवलेली आहे हे ओळखले. आपल्या भाषेत सांगायचे तर स्वतंत्र जात म्हणून दाखवलेली वस्तू कलम निघाली. 1748 च्या आवृत्तीतून तो भाग त्याने काढून टाकला. उलट बाजूने, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या प्लॅटिपसचे 1799 मध्ये वर्णन करणाऱ्या जॉर्ज शॉला, बदकाची चोच कोणी शिवून तर लावली नाही ना, अशी शंका आली होती. तो प्राणी खरा होता, आणि तो अंडी घालतो हे निश्चितपणे सिद्ध व्हायला 1884 साल उजाडले. पंच्याऐंशी वर्षे एक रकाना अर्धवट राहिला आणि त्यामुळे प्राण्याचे काहीच बिघडले नाही.

माझ्या वहीत उमरीचे पत्रक सध्या असे आहे. वर्ग: संकर. आई: शेकरू. बाप: पिंगळा. शाखा: चार, पुढच्या दोन पंखरूप. सांधा: नाही, मानेवर पिसांतून केसांकडे जाणारी छटा, बदामी ते तांबूस. आकार: आईच्या जवळचा, म्हणजे शेपटीसह साधारण तीन फूट, कारण बाप जेमतेम 21 सेंटिमीटरांचा आहे आणि त्याच्या मापाचे शरीर ती शेपटी पेलू शकले नसते. आहार: फळे आणि बिया, पावसाळ्यात उडणारे किडे दिसले की मान आपोआप वळते आणि नंतर तिला ओशाळल्यासारखे होते. शरीराचे माणूसपण: नाही. मनाचे: आहे. समाजाने मानलेले: फक्त एका माणसाने. आवाज हा रकाना मी अजून भरलेला नाही. शेकरूचा खडखडाट आणि पिंगळ्याचा चिरका कलकलाट एका गळ्यातून कसा येईल हे मला ठरवता आलेले नाही, म्हणून पहिल्या तीन प्रकरणांत ती बोलत नाही.